उंची कमी पडली

फेब्रुवारी उतरणीला लागला की कोल्हापुरात दोन हंगाम एकमेकांच्या अंगावर येतात. एक बारावीचा आणि एक फुटबॉलचा. सकाळी पोरं हॉलतिकीट वहीत घालून परीक्षा केंद्राकडं निघतात, आणि दुपारी त्याच रस्त्यानं अख्ख्या पेठा झेंडे घेऊन स्टेडियमकडं. नदीपलीकडून गुऱ्हाळांचा गोड, धुरकट वास येत असतो. बाकीच्यांना या दिवसांत काय आठवतं ते मला माहीत नाही. मला आण्णा आठवतात आणि माझे दात आपोआप आवळले जातात.

आधीच सांगून टाकतो, मी मोठ्या मनाचा माणूस नाही. झालं गेलं विसरा, असं मला बऱ्याच लोकांनी सांगून बघितलं. असं सांगणाऱ्यांचं बहुतेक काही गेलेलंच नसतं. माझं गेलं. म्हणून मी डूख धरला, आणि वर्षानुवर्षं नीट सांभाळला. त्याची मला लाज वाटत नाही.

नव्वदीच्या दशकातला मधला काळ. मी बारावी सायन्सला होतो आणि आमच्या पेठेच्या तालमीचा गोलकीपर होतो. आमच्याकडं फुटबॉलचा संघ तालमीचा असतो. एका बाजूला लाल माती, मारुती आणि जोर-बैठका, दुसऱ्या बाजूला खुंटीवर टांगलेल्या जर्स्या. ज्या पेठेत जन्मलात त्या पेठेची जर्सी घालायची, यात निवड वगैरे काही नसते. माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. त्यांनी टेबलटेनिसच्या जुन्या बॅटीचं रबर सोलून माझ्या लोकरी मोज्यांना चिकटवलं होतं. ते माझे गोलकीपरचे हातमोजे. बॉल त्यांना लागला की एक बसका, भरीव आवाज यायचा. तो आवाज आजही कुठं ऐकला की मी मान वळवतो.

आण्णा म्हणजे आमच्या तालमीचे सर्वेसर्वा. गुळाची पेढी, पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला बोटभर गंध, आणि स्टेडियमच्या गॅलरीत ठरलेली जागा. संघाची जर्सी, मॅचनंतरची केळी, पाय मोडला तर हाडवैद्य, सगळं आण्णा बघायचे. ते आम्हाला खेळही शिकवायचे. म्हणजे ओरडायचे. त्यांचं एक वाक्य पेठेतल्या प्रत्येक पोराला पाठ होतं, "बॉल आत जाऊ द्यायचा न्हाय. हात लावाय लागला तरी लावायचा. पेठंची अब्रू हाय ती." गोलकीपर सोडून बाकीच्यांनाही ते हेच सांगायचे. एखाद्यानं खरंच गोलरेषेवर हात घालून बॉल अडवला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तर संध्याकाळी तालमीत त्याच्या गळ्यात हार पडायचा.

त्या जानेवारीत एका स्पर्धेसाठी गोव्याचा एक क्लब कोल्हापुरात आला होता. त्यांचे कोच डिमेलो सर. काळेसावळे, बुटके, डोक्यावर टोपी, आणि बोलणं अर्धं हिंदी, अर्धं कोकणी. आमच्या पेठेची मॅच त्यांनी गोलपोस्टच्या मागं उभं राहून बघितली. मॅच संपल्यावर माझा हात हातात घेतला, बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि हसले. पुढचं बोलणं माझ्याशी झालं नाही. आण्णा त्यांना जेवायला घेऊन गेले. आमच्या घरी फोन नव्हता. त्यामुळं निरोपासाठी नंबर दिला गेला तो आण्णांच्या पेढीचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पेठेतल्या अर्ध्या घरांचे फोन तिथंच यायचे, बाळंतपणाचे आणि मयताचेसुद्धा.

आईचा जीव मात्र बारावीत अडकला होता. दहावीला मला बरे मार्क पडले होते आणि तिनं मनात मला थेट इंजिनियर करून टाकलं होतं. गडहिंग्लजचा मामा आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "ह्याला परीक्षा होईस्तोवर तुझ्याकडं ने. हितं ऱ्हायला तर तालीम खाऊन टाकंल त्याला." मामा तयार होता. "पाठव अक्का. माडीवरची खोली मोकळीच हाय," म्हणाला. माझी पिशवी भरली. वरती लॉगटेबल ठेवलं.

त्याच संध्याकाळी आण्णा आमच्या दारात. त्यांना आत बसायला सांगेपर्यंत ते बसलेही होते. वडील उठून उभे राहिले. वडील आण्णांसमोर कधी बसायचे नाहीत.

"कुठं पाठवतायसा पोराला?"

"गडहिंग्लजला. अभ्यासाला," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"ताई, गोव्याचा सायब माझ्याशी बोललाय. पोरगं पगारावर जातंय. कोल्हापुरातनं कोण गेलतं का आजवर असं? आणि तुमी बारावीचं काय घिऊन बसलाय?"

"फायनल आणि केमिस्ट्रीचा पेपर एकाच दिवशी हाय, आण्णा," मी हळूच म्हणालो. आमची पेठ फायनलला पोचली होती.

आण्णा हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही. "परीक्षा काय, ऑक्टोबरला बी देता येतीया की. फायनल ऑक्टोबरला हाय व्हय?"

वडिलांनी मान हलवली. आईनं मुकाट्यानं पिशवीतून लॉगटेबल काढून फळीवर ठेवलं. वडिलांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. लेथवरच्या माणसाला, तुझं पोरगं पगारावर फुटबॉल खेळणार, असं गावातला मोठा माणूस सांगत होता. त्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला.

त्या फायनलचं वर्णन मी करणार नाही. आम्ही जिंकलो एवढं पुरे. दोन बॉल मी असे काढले की पलीकडच्या पेठेतली म्हातारी माणसंही उठून उभी राहिली. नंतर हलगी, गुलाल, मिरवणूक. आण्णांचा पाच-सहा वर्षांचा नातू ऋषी त्यांच्या खांद्यावर होता, डोळ्यांत गुलाल गेला म्हणून रडत. गल्लीच्या तोंडाशी माझ्या वर्गातला एक मुलगा सायकल धरून उभा होता. पेपर देऊन आला होता. "सोपा होता लगा," एवढंच म्हणाला आणि गर्दीत शिरून नाचायला लागला.

मग वाट बघणं सुरू झालं. एप्रिल गेला, मे निम्मा झाला. आईनं शेवेचे लाडू करून डबा भरला होता, तो दोनदा संपला आणि दोनदा पुन्हा भरला गेला. मी रोज काहीतरी निमित्त काढून पेढीवरून जायचो. गुळाच्या ढेपा, गोणपाटाचा वास, घोंगावणाऱ्या माश्या, आणि कोपऱ्यातला तो काळा फोन. शेवटी एक दिवस आण्णांनीच मला हाक मारली. खांद्यावर हात ठेवला.

"दिल्या, त्यांनी दुसरा पोरगा घेतला बघ. तुझी उंची कमी पडली."

उंचीवर काय बोलणार? माझ्या खेळाला नावं ठेवली असती तर मी भांडलो असतो. हातांना नावं ठेवली असती तर चिडलो असतो. उंची ही आईबापांकडून आलेली गोष्ट. मी घरी जाऊन लाडवांचा डबा गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला.

त्यानंतरचा तो उन्हाळा मी तालमीतल्या बारला लटकून काढला. कुणीतरी सांगितलं होतं की लटकल्यानं उंची वाढते. उजाडायच्या आत जायचो, मारुतीला नमस्कार करायचो आणि पाय मुडपून लोंबकळायचो. हाताला घट्टे पडले. पोरं हसायची. आण्णा एकदा आत आले, मला तसं लटकलेलं बघितलं आणि म्हणाले, "लटक, लटक. चांगलं असतंय." वडील दर रविवारी मला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलनं रेघ मारायचे. रेघेवर रेघ पडत गेली. माझं वय वाढलं, रेघ हलली नाही.

ऑक्टोबरला मी परीक्षा दिली. कशीबशी पास झालो. तोवर माझ्याबरोबरची पोरं कॉलेजात रुळली होती आणि इंजिनियरिंग माझ्यासाठी संपलं होतं. शिरोलीला फौंड्रीत लागलो. दिवसभर वाळूचे साचे आणि संध्याकाळी पेठेचा गोल. दोन हंगामांनी गुडघा गेला. आण्णा दवाखान्यात शहाळं घेऊन आले, परत आले नाहीत. तालमीला नवा गोलकीपर मिळाला होता. पण मैदान सुटेना. मातीवर पाणी मारल्यावर जो वास उठतो, तो घेतल्याशिवाय मला जेवण जात नसे. गुडघा धावण्यापुरता बरा झाला तशी मी पंचाची परीक्षा दिली आणि काळा शर्ट चढवला. त्या वेळी माझ्या मनात सूड वगैरे काही नव्हतं. मी तर आण्णांना वाकून नमस्कार करत होतो.

पुढच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका स्पर्धेसाठी पंच म्हणून गडहिंग्लजला गेलो होतो. गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड आहे. मॅच झाल्यावर मांडवात चहा पीत होतो, तर समोर एक टोपीवाला म्हातारा. डिमेलो सर. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं, मग माझ्या हातांकडं बघितलं. चेहऱ्यावरून नव्हे, त्यांनी मला हातांवरून ओळखलं.

"अरे, कोल्हापूरवाला गोलकीपर! तू डॉक्टर झाला काय?"

मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. म्हटलं, "नाही सर, मी फौंड्रीत आहे."

"फौंड्री? अरे, तुझा तो मोठा माणूस मला फोनवर बोलला, मुलाला डॉक्टर करायचा आहे, घरचे पाठवत नाहीत. मी दोन वेळा फोन केला. मी त्याला बोललो, बारावी पास कर आणि जूनला ये. आमच्याकडे मुलगे सकाळी कॉलेजला जातात, दुपारी प्रॅक्टिस करतात. दोन्ही होतं. तरी नाही बोलला."

"माझी उंची कमी पडली होती ना, सर?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "उंची? कोण बोलला?"

चहाचा पेला माझ्या हातात होता. तो मी सावकाश टेबलावर ठेवला, एवढं आठवतं. घरी येताना एसटीच्या खिडकीला डोकं लावून बसलो होतो. बाहेर तोडलेल्या उसाची रानं होती, पाचट पेटवलेलं होतं. खेळ की शिक्षण, असा प्रश्न माझ्यासमोर टाकला गेला होता आणि मी खेळ निवडला, म्हणून आजवर मी स्वतःलाच बोल लावत होतो. प्रश्नच खोटा होता. घरच्यांना सांगितलं, क्लब नेणार आहे, परीक्षा सोडा. क्लबला सांगितलं, परीक्षा देणार आहे, क्लब सोडा. दोन्ही दारं एकाच माणसानं बाहेरून बंद केली होती. कशासाठी? तर पुढच्या हंगामात पेठेच्या गोलमध्ये कोणीतरी उभं राहायला पाहिजे म्हणून. वडील तोवर गेले होते. चौकटीवरच्या त्यांच्या रेघा तशाच होत्या. त्या रेघांसाठी मी आण्णांना कधीही माफ करणार नाही, हे मी एसटीतच ठरवलं.

सूड कसा घेतात हे मला ठाऊक नव्हतं. गल्लीत उभं राहून शिव्या घालाव्यात, तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. मी फक्त नमस्कार बंद केला. आण्णांच्या ते लक्षातही आलं नाही. मी नियमांचं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, मैदानावर शिट्टी मारत राहिलो आणि वाट बघत राहिलो. वाट बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

आणि तो हंगाम आला. आण्णांचा नातू ऋषी, खांद्यावरचं ते गुलालातलं पोर, आता पेठेचा डिफेंडर होता. बारावीलाच. खेळ असा देखणा, की बघताना माझा राग दोन मिनिटं बाजूला व्हायचा. पुण्याच्या एका क्लबनं त्याला निवडलं होतं. तिथं राहून कॉलेजही करायचं होतं, फक्त बारावी पास होऊन यायची अट होती. सेमीफायनल तोंडावर आली असताना त्याची आई आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"भाऊजी, फायनलची तारीख बदलता येईल का हो? त्याच दिवशी पोराचा फिजिक्सचा पेपर आहे."

"मग पेपर द्या की, वहिनी."

"मामंजी म्हणत्यात, ऑक्टोबरला बी देता येतोय." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पोरगं बी त्यांचंच ऐकतंय. पुण्याचे लोक ऑक्टोबरपर्यंत थांबतील व्हय? मामंजींना कोण बोलणार?"

तेच वाक्य, तोच महिना. या माणसानं बदलायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. मी तिला म्हणालो, "वहिनी, पंचाच्या हातात तारीख नसते." ती पदर डोळ्यांना लावून गेली. पंचाच्या हातात काय असतं, ते मी तिला सांगितलं नाही.

सेमीफायनलला मी मुख्य पंच होतो. मला वाटलं होतं, मी या पेठेचा जुना खेळाडू म्हणून पलीकडची मंडळी हरकत घेतील. कुणी घेतली नाही. आण्णांनी तर गॅलरीतून समाधानानं मान डोलावली. दिल्या आपलाच, असा त्या मानेचा अर्थ होता. पेठेत जन्मलेला माणूस मरेपर्यंत पेठेचा राहतो, यावर त्यांचा फार विश्वास.

खोटी शिट्टी मारायची नाही, हे मी मारुतीसमोर ठरवून आलो होतो. पण खरं सांगतो, मी त्या दिवशी ऋषीवर नजर ठेवून होतो. भुकेलेला माणूस पानाकडं बघतो तसा. त्यानं चुकावं म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. आणि ते पोर चुकतच नव्हतं. स्वच्छ टॅकल, स्वच्छ पास. आमची पेठ एका गोलनं पुढं होती, वेळ संपत आली होती, आणि मी सारखा घड्याळाकडं बघत होतो.

मग तो कॉर्नर आला. गोलकीपर पुढं आला आणि फसला. बॉल त्याच्या डोक्यावरून उघड्या गोलकडं निघाला. रेषेवर ऋषी एकटा. त्यानं उडी मारली, मान ताणली, पण बॉल डोक्याच्याही वरून चालला होता. पुढच्या क्षणी त्याचा हात वर गेला. विचार करून नव्हे. त्याच्या आजोबांनी तो हात लहानपणापासून तयार करून ठेवला होता.

मी शिट्टी मारली आणि खिशातून लाल कार्ड काढलं. नियम स्पष्ट आहे. पेनल्टी, खेळाडू बाहेर आणि पुढची मॅच बंद. पुढची मॅच म्हणजे फायनल. पोरगं रडत बाहेर गेलं. आमच्या गोलकीपरनं पेनल्टी अडवली, पेठ जिंकली, गॅलरीनं ऋषीच्या नावाचा जयघोष केला, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की फायनलला तो नाही. ती शांतता मी कानभरून ऐकली. शिट्टी खरी होती. तिच्यातला आनंद मात्र पंचाचा नव्हता.

पंचांच्या खोलीत मी बुटाची नाडी सोडत होतो, तेव्हा आण्णा आले. धाप लागलेली, गंध घामानं ओघळलेलं. मी उठलो नाही.

"दिल्या, आपल्या पेठंचं पोरगं हाय ते. माझा नातू हाय. का काढलंस त्याला?"

मी किती वर्षं वाट बघत होतो, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि अगदी त्यांच्याच आवाजात, खांद्यावर हात ठेवल्यासारखं, म्हणालो, "काय करायचं, आण्णा. उंची कमी पडली त्याची."

त्यांनी दाराची चौकट धरली. मी बघत राहिलो. पेढी, काळा फोन, गुळाच्या ढेपा, सगळं एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग ते पाठ फिरवून गेले.

फायनल पेठ हरली. ऋषीनं त्या दिवशी पेपर दिला, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जूनमध्ये तो पुण्याला गेला. तो गल्लीत आला आणि मी समोर दिसलो की आजही मान फिरवतो. फिरवू दे. मी त्याचं भलं करायला गेलो नव्हतो. त्याचं भलं झालं ते सुडाच्या वाटेत आलं म्हणून. आण्णा आता तालमीच्या कट्ट्यावर काठी घेऊन बसलेले असतात. माझी फौंड्रीची वाट दुसरीकडून जाते, तरी मी वळसा घालून त्यांच्या समोरून जातो. ते खाली बघतात. मी खाली बघत नाही.

परवा, हंगाम सुरू झाला म्हणून, बऱ्याच वर्षांनी तालमीत पाय ठेवला. आत कुणी नव्हतं. मारुती, लाल माती, खुंटीवरच्या जर्स्या आणि तो बार. त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो. टाचा न उचलता हात वर केला. बार हाताला लागला. तेव्हाही लागतच होता.